पहिले वाचक ‘स्लो आहे’ म्हणतात तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा: मुंबईतल्या एका लेखकाने २०८० च्या सुमारास अर्ध्या बुडालेल्या मुंबईत घडणारी कुमारांसाठीची कादंबरी लिहिली आहे. पाणी वाटणारं एक ‘प्राधिकरण’, प्रत्येकाच्या मनगटावर पाण्याचा हिशेब ठेवणारा पट्टा आणि तो पट्टा कापून टाकणारी १६ वर्षांची नायिका. पहिली तीन प्रकरणं त्यांनी १४ ते १९ वयाच्या ११ मुलांना वाचायला दिली. मतं आली ती अशी: ‘सुरुवात स्लो आहे’, ‘हंगर गेम्ससारखं वाटतं’, ‘नावं लक्षात राहत नाहीत’, ‘नायिका सारखी चिडते’, ‘पट्टा भारी आहे’. शिवाय एका शिक्षिकेचं, ‘मुलांना इतकं निराश कशाला वाचायला द्यायचं?’ लेखक विचारतात, यातलं मनावर काय घ्यायचं? आणि पहिलं प्रकरण काढून सरळ पाठलागानेच सुरुवात करावी का? त्यांनी प्रकरणं आणि मुलांनी खुणा केलेल्या प्रती माझ्याकडेही पाठवल्या आहेत. कुमारांच्या मराठी पुस्तकांचं संपादन हाच माझा व्यवसाय, म्हणून सविस्तर लिहिते.

पाठलागाने सुरुवात करू नका. हे आधी सांगते, कारण ते पान तुम्ही लिहायला घेतलंही असेल.

पहिला वाचक कुठे अडखळला हे तो बरोबर सांगतो. का अडखळला याचं कारण मात्र बहुतेक वेळा चुकतं, आणि उपाय तर जवळजवळ नेहमीच. १५ वर्षांच्या मुलाला कंटाळा आला की तो ‘ॲक्शन टाका’ म्हणणारच, कारण कंटाळ्यावर तेवढंच औषध त्याने पडद्यावर पाहिलेलं असतं. म्हणून त्याने सुचवलेलं बाजूला ठेवायचं आणि तो कुठल्या ओळीवर थांबला ते बघायचं.

तुमच्या एका वाचक मुलीची प्रत घ्या. चौथ्या पानावर समासात ‘ओके’. पाचव्यावर पुन्हा ‘ओके’. सातव्यापासून अकराव्यापर्यंत काहीच नाही, नुसती पानं उलटलेली. बाराव्या पानावर नायिकेची आई धाकट्याला आंघोळ घालते आणि त्या पाण्याचा हिशेब त्याच्या पट्ट्यावर न टाकता स्वतःच्या पट्ट्यावर टाकते. तिथे पेन्सिल इतकी दाबून ‘नाही!!’ लिहिलंय की मागच्या पानावर ठसा उठलाय. त्या पानावर पाठलाग नाही, स्फोट नाही. एक बाई, एक तांब्या आणि साबण डोळ्यांत गेला म्हणून रडणारं पोर. हीच मुलगी शेवटी लिहिते, ‘सुरुवात स्लो आहे, थोडी ॲक्शन हवी.’ तिचं मत एक आणि तिची पेन्सिल दुसरंच सांगते. मी पेन्सिलीवर विश्वास ठेवीन.

पहिल्या ११ पानांत तुम्ही काय केलंय? महापूर, त्यानंतरचा करार, प्राधिकरणाची स्थापना, शहराचे तीन विभाग, पट्ट्याचे नियम. सगळं नीट विचार करून रचलेलं, पण त्यातला एकही नियम अजून कुणाच्या अंगावर पडलेला नाही. भविष्यातल्या भीषण जगाच्या कादंबरीत वाचकाला नियम कळणं पुरत नाही, तो नियम मोडला तर नाव माहीत असलेल्या कुणाचं तरी काय जाणार आहे हे कळावं लागतं. ते बाराव्या पानावर कळतं. तोवर वाचक ‘ओके’ म्हणतो.

‘हंगर गेम्ससारखं वाटतं’ याने तुम्ही सर्वांत जास्त दुखावलेले दिसता. तसं वाटून घेऊ नका. सुझन कॉलिन्स यांची ती कादंबरी २००८ ची, चित्रपट २०१२ चा. आज मुंबईतल्या कुठल्याही १६ वर्षांच्या वाचकाकडे अशा जगाचं दुसरं माप फारसं नसतं. सोळा वर्षांची मुलगी, अन्यायी सत्ता आणि विभागलेलं शहर दिसलं की तो तेच माप काढणार. यात चोरीचा आरोप नाही, ‘हे कुठल्या कपाटात ठेवायचं ते मला कळलं’ एवढंच आहे. पण तुलना आलीच आहे, तर तिचा उपयोग करून घ्या. त्या कादंबरीचं पहिलं प्रकरण पुन्हा उघडून बघा. देशाचा इतिहास तिथेही सांगितलेला आहे, अगदी भाषणातून. पण ते भाषण महापौर करतो ते जीवघेण्या खेळात कुठल्या मुलांना पाठवायचं याची चिठ्ठी काढण्याच्या समारंभात, आणि तोवर आपल्याला ठाऊक झालेलं असतं की त्या भांड्यात नायिकेच्या १२ वर्षांच्या बहिणीच्या नावाची एक चिठ्ठी आहे. धान्याचा नियमही तसाच येतो: घरात जास्त धान्य हवं असेल तर मुलांनी आपलं नाव चिठ्ठ्यांत आणखी एकदा टाकायचं. नियम आणि त्याची किंमत एकाच वाक्यात. प्रकरण संपतं ते बहिणीचं नाव पुकारलं जातं तिथे. पाठलाग एकही नाही, आणि तरी कुणी त्याला स्लो म्हणत नाही. तुमचा महापूर आणि करार मला काढून टाकायला सांगायचं नाही, तो आंघोळीनंतर आला पाहिजे.

‘स्लो’चा आणखी एक अर्थ असतो आणि मराठीत लिहिणाऱ्यांना तो कुणी सांगत नाही. तुमच्या ११ जणांपैकी किती जण इंग्रजी माध्यमातले? दादर-पार्ल्यातली, ठाण्यातली मराठी घरांतली मुलं घरी फर्डं मराठी बोलतात, पण सलग ४० पानं देवनागरी वाचण्याची सवय अनेकांना नसते. डोळा जोडाक्षरावर अडतो, ओळ दोनदा वाचली जाते, आणि त्या थकव्याला मुलगा ‘पुस्तक स्लो आहे’ म्हणतो. दोन्ही एकच समजलात तर विनाकारण कथानक छाटत बसाल. ओळखायचं कसं? एखादं पान मोठ्याने वाचायला सांगा आणि कान देऊन ऐका. ‘जलवितरणनियंत्रण’वर जीभ अडली तर दोष त्या शब्दाचा. शब्द सगळे सुटले आणि आवाजच मरगळला, तर दोष प्रसंगाचा. ‘नावं लक्षात राहत नाहीत’ ही तक्रारही इथेच मिटेल: पहिल्या दहा पानांत तुम्ही बनवलेल्या नव्या संज्ञा मी मोजल्या, १४ निघाल्या. पाच ठेवा. शिवाय बांद्रा-कुर्ला कॉम्प्लेक्सचं ‘बीकेसी’ करणारं हे शहर २०८० मध्ये ‘प्राधिकरण’ हा पूर्ण शब्द उच्चारेल हे मला पटत नाही. नायिकेच्या वस्तीत त्यासाठी एखादी शिवी तरी असेलच, ती शोधा.

आता मुंबईकडे येते, कारण तुमच्या हस्तलिखितातली खरी अडचण मला इथे दिसते, आणि वाचकांनी ती दोन बारक्या शेऱ्यांत पकडली आहे. तुम्ही त्या शेऱ्यांचा प्रश्नात उल्लेखही केलेला नाही.

पहिला शेरा: प्राधिकरण दरडोई ४० लिटर पाणी देतं, या ओळीशेजारी एका मुलाने लिहिलंय, ‘आमच्याकडे एवढंच येतं.’ तुम्हाला वाटलं असेल पोरगा विनोद करतोय. शहरी पाणीपुरवठ्यासाठी दरडोई रोज १३५ लिटर हे मानक धरतात. पण या शहरात इमारतींसाठी १३५ आणि झोपडपट्टीसाठी ४५ लिटर असा दुहेरी हिशेब वर्षानुवर्षं चालला आहे. नळाला दिवसातून दोन-तीन तासच पाणी, पहाटे उठून पिंप भरणं, मोटर लावली म्हणून शेजाऱ्यांशी भांडण, यातलं काहीही त्या मुलाला भविष्यकाळ वाटत नाही. जूनअखेरीस सात तलावांत किती टक्के साठा उरला हे तो बातम्यांत ऐकतो आणि दहा टक्के पाणीकपात लागली की त्याच्या घरची बादली लवकर रिकामी होते. ज्या आकड्याने पार्ल्यातल्या वाचकाच्या अंगावर काटा येतो तोच आकडा गोवंडीतल्या वाचकाला घरचा वाटतो. एकाच ओळीवर दोन वाचकांची प्रतिक्रिया इतकी वेगळी आली की समजावं, लेखकाने कुठल्या खिडकीतून शहर पाहिलंय ते उघड झालं.

यावर आकडा आणखी कमी करणं हा उपाय नाही. ४० चे २० केलेत तरी तो मुलगा ‘मे महिन्यात असंच असतं’ म्हणेल. त्याला चटका बसेल तो नियमाच्या तर्काने. आणि तो तर्क तुम्हाला कल्पनेतून आणायचीही गरज नाही. या शहरात झोपडीला पाण्याची जोडणी मिळणार की नाही हे ती झोपडी कुठल्या तारखेच्या आधी उभी राहिली यावर वर्षानुवर्षं ठरत असे. २००० सालानंतरच्या अनधिकृत झोपड्यांमध्ये राहणाऱ्यांनाही पाणी नाकारता येणार नाही, हे २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला सांगावं लागलं. माणसाची तहान एका तारखेला बांधायची, यापुढे कुठला काल्पनिक हुकूमशहा जाणार? तुमचा पट्टा सगळ्यांना सारखंच पाणी देतो, तिथेच तो मिळमिळीत होतो. तोच पट्टा आजीचा जुना कागद बघून ६० लिटर देत असेल आणि धाकटा ‘तारखेनंतर’ जन्मला म्हणून त्याच्या पट्ट्यावर शून्य असेल, तर आई त्याच्या आंघोळीचं पाणी स्वतःच्या पट्ट्यावर का टाकते याला पोलादी कारण मिळतं. आत्ता ती ते केवळ मायेने करते. माया ठीक आहे, पण तिच्यातून कादंबरी पुढे सरकत नाही.

दुसरा शेरा याहून मजेदार. दुसऱ्या प्रकरणात तुम्ही लिहिता की आधी गरिबांच्या वस्त्या बुडाल्या, मग असल्फा, मग घाटकोपर, आणि श्रीमंत ‘उंचावर’ राहायला गेले. त्यावर एक मुलगी लिहिते: ‘असल्फा टेकडीवर आहे. ते आधी कसं बुडलं?’ ती बहुधा तिथलीच असावी. तिचं बरोबर आहे. बुडणारं शहर म्हटलं की गरीब खाली आणि श्रीमंत वर, हे चित्र आपल्या डोक्यात परदेशी पुस्तकांतून येतं. मुंबईत मलबार हिल सोडली तर बऱ्याच ठिकाणी उलटं आहे. नरिमन पॉइंट समुद्रात भर घालून उभा राहिला, बीकेसी मिठी नदीकाठच्या दलदलीवर. आणि असल्फा, भांडुप, विक्रोळी पार्कसाइट इथे परवडणारी घरं शोधत माणसं डोंगर चढली. समुद्र वर आला तर महागड्या काचेच्या इमारतींच्या तळमजल्यात आधी पाणी शिरेल आणि टेकडीवरची वस्ती कोरडी राहील. टेकडीचे हाल वेगळे. तिथे पाण्याला दाब नसतो, हंडे डोक्यावर घेऊन पायऱ्या चढाव्या लागतात आणि पावसाळ्यात दरड कोसळण्याची धास्ती असते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझ वेधशाळेने २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला. आपल्याला आठवतात ते गळ्याइतक्या पाण्यातून घरी चालत निघालेले लोक, पण त्याच पावसात साकीनाक्याला दरडीखाली माणसं गाडली गेली.

जरा विचार करा, तुमच्या हातात काय आलंय. पाणी वर चढतंय आणि शहरातली सुरक्षित जमीन गरिबांच्या पायाखाली आहे. मग ती त्यांच्याकडून काढून कशी घ्यायची, हा प्राधिकरणाचा खरा उद्योग होईल आणि पट्टा हे त्याचं हत्यार. तुमच्या नायिकेच्या घरावर डोळा ठेवणारी माणसं खालून येतील, बोटीतून. ‘हंगर गेम्ससारखं’ म्हणणारे वाचक इथे गप्प बसतील, कारण हे फक्त मुंबईतच घडू शकतं. असल्फ्याच्या त्या मुलीचं नाव ऋणनिर्देशात आलं पाहिजे, तिची हरकत नसेल तर.

नायिकेच्या चिडण्याबद्दल काही करू नका. चिडकी म्हणणाऱ्या मुलांनी तिची सगळी पानं वाचलेली आहेत आणि तिच्या बोलण्याखाली रेघाही मारल्या आहेत. एका मुलाने तर तिचा आईला दिलेला उलटा जबाब कंसात घेऊन बाजूला ‘मी पण’ असं लिहिलंय. वाचकाला राग आला आणि तरी तो वाचत राहिला, तर पात्र जिवंत आहे. ‘नायिका छान आहे, समजूतदार आहे’ असं आलं असतं तर मी काळजी केली असती.

शिक्षिकेच्या शेऱ्याला जागा वेगळी द्या. तो वाचकाचा शेरा नाही, पुस्तक मुलांपर्यंत जाऊ द्यायचं की नाही हे ठरवणाऱ्याचा आहे. तोही महत्त्वाचाच, कारण मराठीत कुमारांची पुस्तकं मुलं क्वचित विकत घेतात. आई-वडील, शाळा आणि ग्रंथालयं घेतात. पण त्याचं उत्तर प्रकरणांत शोधू नका, मलपृष्ठावर आणि प्रस्तावनेत द्या. अशा पुस्तकांवर हा आक्षेप सगळीकडे येतो. लोइस लॉरी यांच्या ‘द गिव्हर’ या अशाच भविष्यातल्या जगाच्या कादंबरीला १९९४ चं न्यूबेरी पदक, म्हणजे अमेरिकेतला बालसाहित्याचा मानाचा पुरस्कार, मिळालं आणि तरीही अमेरिकेतल्या शाळांमध्ये ते मुलांना देऊ नये अशा तक्रारी वर्षानुवर्षं होत राहिल्या. आपल्याकडे तक्रार लेखी येत नाही, पुस्तक नुसतं कपाटाच्या वरच्या फळीवर जातं. बाईंना एकदा भेटा, शेवटचं प्रकरण वाचायला द्या. तीन प्रकरणांत कुठल्याही पुस्तकाची आशा दिसत नाही.

पुढच्या फेरीत मतं कशी गोळा करायची, तेही सांगते. ‘कसं वाटलं?’ हे विचारू नका. सोसायटीतला मुलगा ‘छान आहे काका’ म्हणणार, आणि त्याची आई मागे उभी असली तर ‘खूप छान आहे’. विचारा: मोबाइल कुठे उचललास? कुठलं पान पुन्हा मागे जाऊन वाचलंस? आता पुढे कोणाचं काय होईल असं वाटतं? तिसरा प्रश्न सर्वांत कामाचा. अंदाज चुकला तरी चालेल, पण मुलाला अंदाज बांधावासाच वाटला नाही तर पुस्तक त्याला लागलेलं नाही. आणखी एक, आठवड्याने त्याच मुलाला गोष्ट तोंडी सांगायला लावा, शक्यतो मित्राला. तो जे गाळेल ते तुम्हीही गाळू शकता. तुमच्या ११ जणांत ‘पट्टा भारी आहे’ सगळ्यांनी म्हटलंय. माझी खात्री आहे की तोंडी सांगताना एकही जण करार सांगणार नाही.

आणि प्रतीवर स्वतःचं नाव घालू नका. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला जयंत नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नीकडून लिहून घेऊन. बक्षीस मिळालं तेव्हा ते कथेला मिळालंय याबद्दल शंकेला जागा नव्हती. तुम्ही नारळीकरांइतके प्रसिद्ध नसाल, पण त्या ११ मुलांपैकी निम्म्यांच्या तरी घरी तुम्ही चहाला जाता. एखाद्या शाळेच्या ग्रंथपालबाईंच्या हाती निनावी प्रती द्या, एखाद्या रात्रशाळेतही द्या. प्रभादेवी आणि मानखुर्द दोन्हीकडचे वाचक हवेत; ४० लिटरच्या ओळीने ते दाखवून दिलंच आहे.

वाचक जास्त नकोत. पाच-सहा नवे पुरे, आणि आधीच्या ११ पैकी फक्त दोघं: ‘नाही!!’ वाली आणि असल्फ्याची. बाकीच्यांना आता जुनी आवृत्ती पाठ झाली आहे, ते पुस्तक न वाचता बदल शोधत बसतील. त्या दोघींनाही फक्त नवं दुसरं प्रकरण द्या, पहिलं नको.

मुखपृष्ठ, शीर्षक, मालिका करायची की एकच पुस्तक, यावर मुलांनी दिलेली मतं आत्ता एका पाकिटात बंद करून ठेवा. ते प्रकाशकाशी बोलताना काढू.

वेळ मात्र सांभाळा. दुरुस्त प्रती जानेवारीत तयार झाल्या तरी लगेच वाटू नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा असतात, त्या दिवसांत मुलांना कुठलंही पुस्तक स्लोच वाटतं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात द्या, गावाला जायच्या आधी, छापील आणि मोठ्या टाइपात. पीडीएफ पाठवू नका. पीडीएफच्या समासात पेन्सिल चालत नाही.